बोक्याला काय खायला घालू?

घरात बोके आहेत म्हटल्यावर लोक मला हटकून विचारतात: लघवीचा त्रास होऊ नये म्हणून कुठलं फूड चांगलं? तुम्हीही विचारलंत म्हणून सांगते. कंपनी नंतर बघा, आधी खाण्यात पाणी किती आहे ते बघा.

मांजरांचे पूर्वज कोरड्या मुलखातले रानमांजर. त्यांना तहान कमी लागायची आणि बरंचसं पाणी शिकारीच्या मांसातूनच मिळायचं. पाऊचमधल्या वेट फूडमध्ये 75-80 टक्के पाणी असतं, ड्राय फूडमध्ये जेमतेम 10. ही तूट बोका वाटीतलं पाणी पिऊन पुरती भरून काढत नाही. लघवी दाट होते आणि खडा धरायला सोपं जातं. खडे मांजरीलाही होतात, पण बोक्याची मूत्रनलिका टोकाशी इतकी अरुंद की तिथे कण नि चिकट स्राव मिळून बूच बसतं. बोका पुन्हा पुन्हा लिटरमध्ये (त्याच्या शी-शूच्या वाळूत) बसून कण्हतोय आणि थेंबही येत नाही, तर बद्धकोष्ठ समजून वाट बघू नका. रक्तात पोटॅशियम चढून एक-दोन दिवसांत जीव जाऊ शकतो. तेव्हा खाण्याचा विचार नाहीच, तडक डॉक्टर.

पाऊच महाग पडतात, मान्य. मी एक वेळ पाऊच देते, वर दोन चमचे कोमट पाणी. दुसऱ्या वेळी ड्राय भिजवून. उरलं तर टाकून देते, आपल्या दमट हवेत ते लगेच आंबतं. चिकन उकडलेलं पाणीही आवडतं त्यांना, पण त्यात मीठ, कांदा, लसूण नको. नुसत्या उकडलेल्या चिकनवर मात्र बोका ठेवू नये, त्यात कॅल्शियम फारसं नसतं.

माणसाला मूतखड्यावर देतात तसं कुळथाचं कढण? नको हो! माणसाचे खडे बहुधा कॅल्शियम ऑक्सलेटचे. बोक्याचे तेही असतात किंवा स्ट्रुव्हाइटचे, म्हणजे मॅग्नेशियम, अमोनियम नि फॉस्फेट मिळून होणारे. स्ट्रुव्हाइट खास आहाराने काही आठवड्यांत विरघळतो, ऑक्सलेट विरघळत नाही. 1980च्या दशकात कंपन्यांनी फूडमधलं मॅग्नेशियम कमी करून ते लघवी आम्लधर्मी करणारं बनवलं. स्ट्रुव्हाइट घटले, ऑक्सलेट वाढले. म्हणून लघवी तपासल्याशिवाय ‘युरिनरी’ लिहिलेली पिशवी आणू नका. घरात दुसरं मांजर असेल तर तेही त्या ताटलीत तोंड घालणारच. त्याला चालेल का, तेही डॉक्टरांना तेव्हाच विचारून घ्या.