अंगठ्याखालची सिरी

आमच्या गाडीत बोलायचं बटण स्टिअरिंगवर डाव्या अंगठ्याखाली येतं. नुसतं दाबलं की गाडीतली बाई बोलते; तिची धाव एसीपर्यंतच. कारप्लेवर, म्हणजे आयफोन गाडीच्या स्क्रीनवर चालतो तेव्हा, सिरी ही फोनमधली बोलकी मदतनीस हवी तर बटण दाबून धरायचं. तरी ती उठली नाही, तर आयफोनच्या सेटिंग्जमध्ये फोन लॉक असताना सिरीला परवानगी आहे का ते बघा. सिरीच बंद असेल तर कारप्लेही चालत नाही.

साताऱ्याला जाताना खंबाटकीच्या वळणांवर स्क्रीनला हात लावणं म्हणजे शुद्ध वेडेपणा. तिथे हेच बटण कामाचं. फक्त माझं ‘कॉल आई’ सिरीच्या डोक्यावरून जातं, म्हणून नंबर ‘मॉम’ नावाने सेव्ह केलाय. आईला हे अजून सांगितलेलं नाही.