माळ्यावरचा बास

चार वर्षं शोधत होतो, सापडला भुसावळात! रेल्वेतून निवृत्त झालेल्या एका गार्डकाकांच्या माळ्यावर, केळीच्या खोक्यांमागे. व्हायोलिनच्या आकाराचा बास, म्हणजे जाड तारांची, खर्जातली गिटार. हॉफनर कंपनीनं हा नमुना 1956 साली जर्मनीत काढला. गाजला तो बीटल्सच्या पॉल मॅकार्टनीमुळे. नकलाही उदंड, म्हणून आधी टेप काढली. नटपासून ब्रिजपर्यंत, म्हणजे तारा टेकतात त्या वरच्या पट्टीपासून खालच्या घोडीपर्यंत, 30 इंच. (फेंडर प्रिसिजन, हा दुसरा नावाजलेला बास, 34 भरतो.) टिचकी मारली, आतून पोकळ. मान घामानं काळवंडलेली, एक खुंटी सायकलच्या स्क्रूनं बसवलेली. काकू म्हणाल्या, "काय भो, गिटार पाहतो की नवरी?"

भाव ठरला. मग काकांनी जाड तार एकदाच छेडली अन् गप्प झाले. "दिवाळीनंतर ये."

दिवाळी होऊन गेली. दर रविवारी जळगावहून गाडी पकडतो. शेवभाजी होते, बासचा विषय काही निघत नाही.