चिनीतलं ‘नाही’ मराठीतून लवकर कळतं

चीनमध्ये शिकायला किंवा नोकरीला येणारी मराठी मंडळी बहुतेक वेळा इंग्रजी पुस्तकांवरून चिनी शिकून येतात. तिथे ‘हुएइ’, ‘नङ’ आणि ‘खयी’ या तिन्ही शब्दांसमोर ‘कॅन’ असा एकच अर्थ दिलेला असतो, आणि घोळ तिथूनच सुरू होतो. मराठीत या तिघांसाठी तीन वेगळ्या रचना आहेत आणि त्या आपण रोज न चुकता वापरतो. पोहायला शिकलेला माणूस म्हणतो ‘मला पोहता येतं’, ते हुएइ. पायाचं प्लास्टर निघाल्यावर तो म्हणतो ‘आता पोहू शकतो’, ते नङ. तलावाच्या रखवालदाराला विचारतो ‘इथे पोहलं तर चालेल का?’, ते खयी. प्रत्यक्षात नङ आणि खयी एकमेकांच्या हद्दीत बरेच शिरतात, पण सुरुवातीला हा आधार पक्का धरावा.

आता नकार. चिनीत रोजचे नकार दोन, ‘पू’ आणि ‘मेइ’. पिनयिनमध्ये, म्हणजे चिनी उच्चार रोमन अक्षरांत लिहायच्या पद्धतीत, पहिला ‘बी’ अक्षराने लिहितात, पण उच्चार आपल्या ‘प’चा. ‘बू’ म्हणायची सवय लागली की ती पुढे सुटत नाही. ‘पू’चा सूर मुळात वरून खाली पडणारा, म्हणजे चिनीतल्या चार सुरांपैकी चौथा. पण पुढचा शब्दही चौथ्या सुराचा असेल तर ‘पू’ खालून वर चढतो. पू हुएइ, पू याव, पू योंग यांत तो चढतो. पू नङ, पू श्यांग, पू खयी यांत पडतो. काही पुस्तकांत दोन्हीकडे पडत्या सुराचीच खूण छापलेली असते, तेव्हा हे कानानेच शिकावं लागतं.

‘मी जात नाही’ आणि ‘मी जाणार नाही’ यांना पू: वो पू छ्यू. ‘मी गेलो नाही’ याला मेइ: वो मेइ छ्यू. मराठीत फरक क्रियापदाच्या रूपात दिसतो, चिनीत तो नकाराच्या शब्दात दिसतो, एवढंच. ‘यौ’ म्हणजे ‘असणं, जवळ असणं’. त्याला फक्त मेइ लागतो. ‘पू यौ’ असं आजच्या बोलीत कोणी म्हणत नाही. सगळ्यात जास्त होणारी चूक ‘ल’ची. ‘गेलो’ म्हणजे छ्यू ल, म्हणून ‘गेलो नाही’साठी लोक ‘मेइ छ्यू ल’ म्हणतात. मेइ आला की हा ‘ल’ गळतो. ‘कधी गेलोच नाही’ मधला ‘क्वो’ मात्र राहतो: मेइ छ्यू क्वो. दुकानात ऐकू येणारं ‘मेइयौ ल’ ही वेगळी गोष्ट आहे. त्यातला ‘ल’ स्थिती बदलल्याचा, म्हणजे आपलं ‘संपलं’.

नङला दोन्ही नकार लागतात आणि अर्थ बदलतो. पू नङ छ्यू म्हणजे ‘जाऊ शकत नाही’. मेइ नङ छ्यू म्हणजे ‘जायला जमलं नाही’, मनात होतं पण राहून गेलं.

खरी मेख पुढे आहे. होकाराला ‘पू’ जोडला की नकार तयार, असं होत नाही. ‘याव’ म्हणजे ‘पाहिजे, करायचं आहे’. पण ‘मला जायचं नाही’ यासाठी पू श्यांग छ्यू म्हणतात. पू याव क्रियापदाआधी आलं की बहुतेक वेळा ‘करू नको’ असा हुकूम होतो, ‘प्ये’ या शब्दासारखाच. ‘तेइ’ म्हणजे ‘लागतं, करावंच लागेल’. त्याचा नकार पू योंग, म्हणजे ‘करावं लागत नाही’. इथे नवखा माणूस ‘तेइ’चंच चिनी लिपीतलं चिन्ह घेऊन त्याआधी पू लावतो. ते चिन्ह मग ‘त’ असं वाचलं जातं आणि अर्थ उलटतो: ‘पूत’ म्हणजे मनाई. फाटकावरच्या पाट्यांवर हाच शब्द असतो, ‘आत येऊ नये’ या अर्थाने. यायची गरज नाही, असं समजून कोणी आत शिरू नये.

दुकानात पिशवी हवी का विचारलं तर पू याव चालतं, पण कोणी मदत देऊ केली तर पू योंग ल म्हणावं. ते आपलं ‘राहू द्या’. तिथे पू याव म्हणजे तोंडावर ‘नको’.

नकार कुठे बसतो त्यानेही अर्थ फिरतो. पू नङ छ्यू म्हणजे ‘जाऊ शकत नाही’. नङ पू छ्यू मा म्हणजे ‘नाही गेलं तर चालेल का?’. पू नङ पू छ्यू म्हणजे ‘न जाऊन चालणार नाही’, गेलंच पाहिजे. तिन्ही ठिकाणी मराठी वाक्य सरळ बसतं.

आणि ज्या रचनेला बाकीचे विद्यार्थी सगळ्यात जास्त घाबरतात, ती तर आपल्या घरातलीच आहे. क्रियापद आणि त्याचा परिणाम यांच्यामध्ये हलका ‘पु’ येतो. छ पु श्या म्हणजे खाववत नाही. चौ पु तोंग म्हणजे चालवत नाही (हा ‘च’ चमच्यातला). खान पु श्या छ्यू म्हणजे बघवत नाही. इच्छा असो वा नसो, होतच नाही, हा भाव मराठीत ‘-वत नाही’ने नेमका येतो. यजमान आग्रहाने वाढत राहिले तर पू नङ छ म्हणू नये. त्याने पथ्य आहे किंवा पदार्थच चालत नाही असं वाटतं. छ पु श्या ल म्हणावं: आता जात नाही.

शाकाहारी माणसाला यातलं सगळंच उपयोगी पडतं. ‘मेइयौ रौ पा?’, मांस नाही ना, असं विचारून भागत नाही. नुसतं ‘रौ’ म्हटलं की डुक्कराचं मांस डोळ्यांसमोर येतं; मासे, कोळंबी, अंडं त्यात धरलं जात नाही. आधी वो पू छ रौ, ‘मी मांस खात नाही’, असं सांगावं. मग मासे ‘यू’ आणि अंडं ‘चीतान’ यांची नावं घेऊन वेगळं सांगावं. शेवटी विचारावं, नङ पू नङ पू फांग रौ, न घालता देता येईल का? आणि पालेभाजी मागवताना त्याच वाक्यात रौऐवजी ‘चूयौ’ घालून पुन्हा विचारावं. ती डुकराची चरबी, आणि भाजी तिच्यात परतलेली असू शकते.