पहिल्या पिढीतल्या मुलांना मदत करायचीय? मग आधी कागदांची फाईल उघडा

पुण्यात हिंजवडी-खराडीच्या आयटी कंपन्यांत काम करणाऱ्या बऱ्याच जणांना मनापासून वाटतं, की घरातून पहिल्यांदाच कॉलेजात जाणाऱ्या मुलांसाठी आपण काहीतरी करावं. करायचं म्हणून मग रविवारी करिअरवर एक व्याख्यान ठरतं. माझं मत स्पष्ट आहे: व्याख्यान नको. ज्याची आई चार घरची धुणीभांडी करते त्याला मेहनतीचं महत्त्व सांगावं लागत नाही. त्याला शेजारी बसून फॉर्म भरणारं माणूस हवं असतं. शिकलेल्या घरात हे काम मामा, काकू, थोरली बहीण न सांगता करून टाकतात, आणि या मुलांकडे नेमकं तेच कुणी नसतं.

सुरुवात अकरावीतच करा, आणि तीही जात पडताळणीपासून, म्हणजे राखीव जागेसाठी जातीचा दाखला खरा असल्याचं प्रमाणपत्र काढण्यापासून. विज्ञान शाखेच्या मुलांना अकरावी-बारावीत असतानाच कॉलेजमार्फत अर्ज करता येतो. ऑनलाईन अर्ज भरायचा, प्रिंट काढायची, प्रतिज्ञापत्रं आणि कॉलेजच्या सहीशिक्क्याचं पत्र जोडायचं आणि फाईल जिल्हा समितीकडे द्यायची. अडतं पुराव्यापाशी. अनुसूचित जातींना १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा, विमुक्त-भटक्यांना २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचा आणि ओबीसींना १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो. म्हणजे आजोबा-पणजोबांचा शाळेचा दाखला, नाहीतर तहसीलमधली गाव नमुना १४ किंवा कोतवाल बुकाची, म्हणजे जुन्या जन्म-मृत्यू नोंदींची, नक्कल. आजोबा शाळेतच गेले नसतील तर चुलत आजोबांचा दाखला शोधा. वडिलांकडच्या रक्तनात्यातलं चालतं, फक्त वंशावळीत ते नातं दिसलं पाहिजे. सख्ख्या काकांची किंवा चुलत भावाची पडताळणी आधीच झाली असेल तर काम खूप हलकं होतं, म्हणून पहिला फोन भावकीत करायला सांगा.

पुण्यातल्या वस्त्यांमधल्या मुलांची इथे हमखास एक गल्लत होते. मूल जन्मापासून येरवड्यात किंवा जनता वसाहतीत राहिलेलं असतं, पण जातीचा दाखला निघालेला असतो जालन्यातून. फाईल मग जालन्याच्या समितीकडेच जाते, पुण्यात चालत नाही. दिवसाच्या मजुरीवर चालणाऱ्या घराला तिकडे दोन खेपा करणंही जड जातं, म्हणून नावांचं स्पेलिंग, आडनावातला फरक, जन्मतारीख हे सगळं जाण्याआधीच कागदावर कागद ठेवून ताडून बघा. दाखल्यावर ‘बाबू’ आणि आधारवर ‘बाबुराव’ असेल तर एकाच व्यक्तीची दोन नावं असल्याचं प्रतिज्ञापत्र सोबत न्या. प्रवेशाच्या वेळी नुसती अर्जाची पावती चालवून घेतात, पण मुदतीत मूळ प्रमाणपत्र आलं नाही तर राखीव जागेवरचा हक्क जातो, आणि खुल्या प्रवर्गात गुण पुरले नाहीत तर प्रवेशही जातो. नॉन-क्रिमिलेअर (घरचं उत्पन्न मर्यादेत असल्याचं प्रमाणपत्र) लागत असेल तर ते शैक्षणिक वर्षाच्या ३१ मार्चपर्यंत वैध आहे ना, हेही बघा.

सीईटीबद्दल, म्हणजे राज्याच्या प्रवेश परीक्षेबद्दल, थोडक्यात. पीसीएम (भौतिक, रसायन, गणित) गटात २०० पैकी १०० गुण एकट्या गणिताचे आहेत आणि चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, म्हणून एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही. एवढी साधी गोष्टही क्लास न लावलेल्या मुलाला कित्येकदा परीक्षेनंतर कळते.

खरं लक्ष घालायचं ते कॅपच्या, म्हणजे राज्याच्या केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेच्या, पसंतीक्रमाच्या फॉर्ममध्ये. २०२५-२६ च्या नियमांत पहिल्या फेरीत पहिल्या क्रमांकाची पसंती मिळाली, की ती जागा आपोआप पक्की होते. दुसऱ्या फेरीत पहिल्या तीन पसंतींना आणि तिसरीत पहिल्या सहांना हाच नियम. मुलं काय करतात, तर गेल्या वर्षीचा कटऑफ बघून ‘हे नक्की मिळेल’ असं कॉलेज सर्वांत वर टाकतात. ते मिळतं, आणि पुढच्या फेऱ्यांचे दरवाजे बंद होतात. यादी हव्याहवेपणाच्या क्रमानेच लावायची. वरचं कॉलेज अवघड असलं तरी ते वर टाकल्याने खालच्या पसंतीचं काही बिघडत नाही. दरवर्षी माहितीपुस्तिका नव्याने वाचा, नियम बदलत असतात.

आता पैसे. फीचा आकडा ऐकूनच घरी ‘नको’ म्हणतात, म्हणून पालकांसमोर बसून फीच्या पावतीची फोड करून दाखवा. शिक्षण शुल्क वेगळं, विकास शुल्क वेगळं, परीक्षा शुल्क वेगळं. राजर्षी शाहू शिष्यवृत्तीत वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असेल तर शिक्षण शुल्काचा अर्धा भाग सरकार भरतं. २०२४-२५ पासून ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल), एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिक मागास) आणि ओबीसी मुलींना, उत्पन्नाची मर्यादा तीच, व्यावसायिक अभ्यासक्रमाचं शिक्षण आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. मात्र प्रवेश कॅपमधूनच हवा. विकास शुल्क त्यात येत नाही. ‘मुलींना सगळं फुकट’ असं ऐकून आलेली आई काउंटरवर गोंधळते ती याच आकड्यामुळे.

राहण्या-जेवणासाठी अनुसूचित जाती आणि नवबौद्ध मुलांना स्वाधार योजना आहे. पुण्यासाठी वर्षाला ६०,००० रुपये: जेवण ३२,०००, निवास २०,०००, निर्वाह ८,०००. आदिवासी मुलांसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम् योजना, ओबीसी-भटक्यांसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना. पण स्वाधार बाहेरगावाहून आलेल्या मुलांसाठी आहे, त्यामुळे दहा बाय दहाच्या खोलीत पाच जणांत अभ्यास करणाऱ्या पुण्यातल्याच मुलाला ती मिळत नाही. त्याच्यासाठी घराजवळची अभ्यासिका शोधून देणं हीच मोठी मदत. ग्रामीण भागातल्या मुलांसाठी विद्यार्थी सहाय्यक समितीचं वसतिगृह १९५५ पासून चालू आहे, आणि विद्यापीठाची ‘कमवा व शिका’ योजना कॉलेजातच काम देते.

या सगळ्या पैशांची एक खोड म्हणजे ते उशिरा येतात. पहिल्या सत्राचा खर्च आधी करावाच लागतो, आणि मुलं गळतात ती इथे. तुमच्याकडे देणगीचे पैसे असतील तर बक्षीस समारंभ करू नका. ऑगस्ट ते जानेवारी मेसचे पैसे बिनव्याजी द्या.

महाडीबीटी या सरकारच्या शिष्यवृत्ती पोर्टलवर अर्ज भरला म्हणजे काम झालं असं नसतं. अर्ज आधी कॉलेजच्या लिपिकाच्या लॉगिनला जातो, मग प्राचार्यांच्या, मग विभागाकडे. एखादा दाखला अस्पष्ट दिसला तर अर्ज परत येतो आणि मुलाला पत्ताच नसतो, कारण नोंदवलेला मोबाईल नंबर सायबर कॅफेवाल्याचा असतो. दर सोमवारी लॉगिन करून स्थिती बघायची सवय लावा. दुसरी अडचण बँकेची. पैसे आधारशी शेवटी जोडलेल्या खात्यात जातात, फॉर्ममध्ये लिहिलेल्या खात्यात जातीलच असं नाही. युआयडीएआयच्या साईटवर ‘बँक सीडिंग स्टेटस’, म्हणजे आधारला कोणतं खातं जोडलंय ते, बघा. बरेचदा तिथे शाळेत असताना उघडलेलं खातं निघतं. मूल १८ वर्षांचं झाल्यावर नव्याने केवायसी न केल्याने ते बंद पडलेलं असतं. बँकेत जाऊन केवायसी करा आणि सीडिंगचा फॉर्म स्वतंत्र भरा.

लॅपटॉप नवा घेण्याची गरज नाही. कंपन्यांनी काढून टाकलेले जुने लॅटिट्यूड किंवा थिंकपॅड घ्या, इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा पुढचा प्रोसेसर असलेला. विंडोज १० चा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ त्याहून जुन्या बहुतेक इंटेल प्रोसेसरवर अधिकृतपणे चालत नाही. रॅम किमान ८ जीबी, डिस्क एसएसडीच. दुकानातच बॅटरी रिपोर्ट काढून मूळ क्षमता आणि आजची क्षमता बघा. निम्म्याच्या खाली आली असेल तर नव्या बॅटरीचे पैसे भावातून वळते करून घ्या. बिजागरी चारदा उघडझाप करा, कॅमेरा-माईक सुरू करून बघा, कारण पुढे मुलाखती त्यावरच व्हायच्या असतात. इलेक्ट्रॉनिक्सचे सुटे भाग तापकीर गल्लीत आणि जुनी पुस्तकं अप्पा बळवंत चौकात मिळतात, हे गावाहून आलेल्या मुलाला एकदा सोबत नेऊन दाखवा.

डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला आलेली मुलं हाताने काम करण्यात पटाईत असतात, पण इंजिनिअरिंगचं पहिलं वर्ष त्यांनी केलेलं नसतं. गणित-३ मध्ये लाप्लास आणि फूरिए ट्रान्सफॉर्म समोर येतात तेव्हा पाय घसरतो तो इंटिग्रेशनवर. निकालापासून कॉलेज सुरू होईपर्यंतच्या सुट्टीत रोज दोन तास इंटिग्रेशन बाय पार्ट्‌स, पार्शल फ्रॅक्शन्स आणि पहिल्या क्रमाची डिफरन्शियल इक्वेशन्स एवढंच घ्या. बॅकलॉग राहिला तर नुसता निकाल बिघडत नाही. कॅम्पसला येणाऱ्या अनेक कंपन्या चालू बॅकलॉग असलेल्याला बसूच देत नाहीत.

शुद्ध विज्ञानाकडे जायचं म्हटलं की घरी विचारतात, ‘बीएस्सी करून काय मिळणार?’ त्याचं उत्तर आकड्यात द्या. नेट परीक्षेतून जेआरएफ ही संशोधन फेलोशिप मिळवून पीएचडी करणाऱ्याला जानेवारी २०२३ पासून दरमहा ३७,००० रुपये आणि वर घरभाडं मिळतं, दोन वर्षांनी ४२,०००. शिकताना पगार असतो हे बहुतेक पालकांना ठाऊकच नसतं. संशोधन संस्था पुण्यातच आहेत: पाषाणला आयसर (विज्ञान शिक्षण व संशोधन) आणि एनसीएल (रसायनशास्त्र), विद्यापीठाच्या आवारात आयुका (खगोलशास्त्र) आणि एनसीआरए (रेडिओ खगोलशास्त्र). मुलाला एकदा तिथे घेऊन जा, २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाच्या सुमारास खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीला न्या. आयसरला बारावीनंतर स्वतःची वेगळी परीक्षा आहे, बीएस्सीनंतर एमएस्सीच्या प्रवेशासाठी जॅम आहे, आणि तिन्ही विज्ञान अकादमींच्या उन्हाळी फेलोशिपचे अर्ज साधारण नोव्हेंबरातच संपतात. मेमध्ये विचारायला गेलेल्याचं वर्ष गेलेलं असतं.

नोकरीच्या तयारीत माझा एकाच गोष्टीला जोरदार विरोध आहे: विकतचा प्रोजेक्ट. शेवटच्या वर्षी तो तयार मिळतो, सुंदर बांधणीच्या रिपोर्टसकट, आणि मुलाखतीत पाचव्या मिनिटाला उघडा पडतो. त्यापेक्षा आपल्याच वस्तीतल्या दुकानाची उधारीची वही मोबाईलवर आणणारं छोटं ॲप चालेल, पण ओळन् ओळ स्वतःची हवी. सराव घेताना त्याच्याच कोडमधल्या एका ओळीवर बोट ठेवा आणि विचारा, ‘ही काढली तर काय होईल?’ उत्तर आधी मराठीत देऊ द्या. मराठीत नीट आलं, की तेच इंग्रजीत तीनदा म्हणून घ्या, मोबाईलवर रेकॉर्ड करून त्यालाच ऐकवा. इंग्रजी कच्चं आहे असं म्हणत जे येतात, त्यांच्यातल्या निम्म्यांचा खरा घोळ पहिल्याच पायरीवर, मराठीतल्या उत्तरात सापडतो, आणि तो एका बैठकीत सुधारता येतो.