रात्री बहिरा होणारा रेडिओ आणि मोडीत निघालेली संकेतांची यादी

सापडलं! काल रात्री साडेनऊला आमच्या होडीच्या रेडिओच्या पडद्यावर डीएससीची (बटण दाबून जाणाऱ्या अंकी रेडिओ-हाकेची) पोच उमटली, रेडिओने तो ओळखीचा सूर काढला आणि मी आणि दादा कॉकपिटमध्ये एकदमच ओरडलो. डोलकाठीच्या टोकावरचा तिरंगी दिवा (रात्री होडी दिसावी म्हणून लावायचा लाल-हिरवा-पांढरा दिवा) लावलेला होता, तरीही पोच आली होती. गेल्या तीन आठवड्यांत एलईडी दिवा चालू असताना हे भरवशाने कधीच झालं नव्हतं.

मागच्या नोंदीत मी लिहिलं होतं की संकट-संकेतांची यादी पक्की झाली, आता खरेदी तेवढी उरली. चार पॅराशूट रॉकेट, सहा हातातले लाल फ्लेअर (मशालीसारखे जळणारे संकेत), दोन नारिंगी धूर, दोघांच्या लाइफजॅकेटवर एकेक पीएलबी (उपग्रहाला संकटाचा संदेश पाठवणारा, अंगावरचा छोटा बीकन). व्हीएचएफ (होडीचा जवळच्या पल्ल्याचा रेडिओ) तर आहेच, असं म्हणून त्याच्यापुढे मी बरोबरची खूण केली होती. ती खूण सगळ्यात चुकीची निघाली.

झालं असं की नवीन एमएमएसआय क्रमांक (होडीची रेडिओवरची ओळख) रेडिओत भरल्यावर लाल बटणाखालची सगळी व्यवस्था नीट चालते का ते बघायचं होतं. संकटाचं बटण तपासणीसाठी दाबायचं नसतं, म्हणून आपण सगळे करतो तसा टेस्ट कॉल लावला. मैत्रिणीची होडी साधारण 9 सागरी मैलांवर नांगरलेली होती. दुपारी कॉल केला, दोन सेकंदांत पोच. रात्री परत केला, काही नाही. परत केला, काही नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी पोच, रात्री शुकशुकाट. असं सलग चार दिवस चाललं.

पहिला संशय बॅटरीवर गेला, कारण रात्री दिवे, फ्रिज, पायलट (आपोआप सुकाणू धरणारं यंत्र) सगळंच चालू असतं. पण प्रसारण करताना रेडिओच्या टोकाशी 12.6 व्होल्ट मिळत होते. मग मैत्रिणीनेच फोन करून विचारलं, "अगं, काल रात्री अकरा वेळा कॉल कशाला केलास? प्रत्येकाला पोच दिली माझ्या रेडिओने." तिच्या लॉगमध्ये माझे अकराही कॉल वेळेसकट होते. म्हणजे आमची हाक जात होती, तिची पोच निघत होती आणि ती आमच्यापर्यंत येऊन पडद्यावर उमटत नव्हती. रेडिओ मुका नव्हता, बहिरा होता, आणि तोही फक्त रात्री.

हे वाक्य तेव्हाच कागदावर लिहून काढलं असतं तर दोन आठवडे वाचले असते. मी मात्र केबलच्या मागे लागले. डोलकाठीच्या पायथ्याशी अँटेनाच्या केबलचा जो पीएल-259 कनेक्टर आहे, तो उघडल्यावर आतली जाळी हिरवी पडलेली दिसली. मध्यभागाच्या तारेभोवती ओलसर पांढरी पूड, नख लावलं की गळणारी. चार इंच केबल कापली, नवा कनेक्टर डाग देऊन बसवला, वरून स्वतःला चिकटणारी टेप ताणून गुंडाळली. संध्याकाळी पाचला पोच आली आणि मी विजय घोषित केला. रात्री आठला परत शांतता. एसडब्ल्यूआर मीटर (अँटेनाकडून किती शक्ती परत फिरते ते मोजणारा) आणला, चॅनेल 16 वर, म्हणजे संकटाच्या हाकेच्या चॅनेलवर, त्याने 1.3 दाखवला, म्हणजे उत्तम. केबल आणि अँटेना दोन्ही निर्दोष ठरले. (कनेक्टर बदलल्याचं दुःख नाही. तो या पावसाळ्यात गेलाच असता. आणि इथे माझं ठाम मत आहे: डोलकाठीच्या पायथ्याला दाबून बसवायचे कनेक्टर वापरू नका, डाग दिलेलेच वापरा.)

सुटका एआयएसने (जहाजं आपली जागा रेडिओवरून कळवतात ती यंत्रणा) केली. दादा पडदा बघत बसला होता आणि सहज म्हणाला, "दुपारी 17 मैलांवरचं जहाज दिसत होतं, आत्ता 4 मैलांपलीकडे कोणीच नाही. सगळी जहाजं झोपली की काय?" एआयएस चालतं 161.975 आणि 162.025 मेगाहर्ट्झवर, डीएससीचा चॅनेल 70 आहे 156.525 वर, 16 आहे 156.8 वर. सगळे शेजारी. एकाच वेळी सगळे बहिरे होत असतील तर दोष रेडिओत नाही, हवेत आहे. आणि रात्री हवेत नवं काय येतं? दिवे.

तेव्हा मला अमेरिकी तटरक्षक दलाची 2018 मधली ती सुरक्षा-सूचना आठवली. एलईडी दिव्यांमुळे व्हीएचएफ आणि एआयएसमध्ये अडथळा येतो, असं त्यात स्पष्ट लिहिलेलं आहे आणि घरच्या घरी करायची चाचणीही दिली आहे. सगळे एलईडी बंद करा. रेडिओ एखाद्या शांत चॅनेलवर लावा. स्क्वेल्च (खरखर दाबणारी कळ) खाली आणा, खरखर सुरू होईल. ती जेमतेम थांबेल इतकाच वर न्या आणि हात काढा. आता दिवा लावा. खरखर परत आली, तर त्या दिव्याने गोंगाटाची पातळी वर नेली आहे.

"दादा, वरचा लाव."

"लावला गं."

खर्रर्रर्र. बंद केला की शांत, लावला की खर्रर्रर्र. केबिनचे दिवे, होकायंत्राचा दिवा, नांगराचा दिवा, कशानेच काही होत नव्हतं. फक्त तिरंगी. तो अँटेनापासून जेमतेम वीतभर अंतरावर आहे. आणखी एक गोष्ट तेव्हाच लक्षात आली आणि अंगावर काटा आला. गेल्या वर्षी हा बल्ब बसवल्यापासून रात्रीच्या पाळीला खरखर येते म्हणून आम्ही दोघंही स्क्वेल्च थोडा वर ठेवत होतो. म्हणजे आधी दिव्याने रेडिओचे कान झाकले आणि मग आम्ही आमच्या हाताने त्यावर बोळा घातला. त्या वर्षात 16 वर एखादी क्षीण हाक येऊन गेली असेल तर आम्हाला कळलेलीसुद्धा नाही.

कारण तुम्हाला माहीत आहेच, तरी नव्यांसाठी थोडक्यात. 12 व्होल्टच्या होडीत व्होल्टेज सारखं वरखाली होतं, म्हणून एलईडीच्या आत प्रवाह स्थिर ठेवणारं छोटं स्विचिंग सर्किट असतं. ते सेकंदाला लाखो वेळा चालू-बंद होतं आणि त्याचे पडसाद व्हीएचएफपर्यंत पोहोचतात. चांगल्या दिव्यात ते गाळून टाकणारे घटक असतात. माझ्या बल्बमध्ये नव्हते, आणि दिव्याची तार त्याची आयती अँटेना झाली होती.

मग फेराइट (तारेतला रेडिओ-गोंगाट अडवणारं कडं). संगणकाच्या जुन्या केबलवरचा एक डोलकाठीच्या पायथ्याशी लावला, काडीचा फरक नाही. साहजिक आहे, गोंगाट वरच निर्माण होऊन वरच अँटेनात शिरतोय, खाली बांध घालून काय उपयोग? दुसऱ्या दिवशी दोराच्या खुर्चीत बसून वर चढले, दादा विंचवर. 43 प्रकारच्या फेराइटच्या कड्यातून दिव्याच्या तारेचे पाच वेढे काढले आणि कडं दिव्याच्या अगदी बुडाशी बांधलं. खरखर कमी झाली, एआयएस 4 मैलांवरून 9 वर गेलं, पोच मात्र तीनातून एकदा यायची. संकटाच्या रेडिओला हे चालत नाही.

दोन दिवस जुना तंतूचा बल्ब लावून बघितला. पूर्ण शांतता! पण 25 वॉट म्हणजे 2 अँपिअरच्या वर. दहा तासांच्या रात्रीत 20 अँपिअर-तासांहून जास्त जातात, पायलटसह ते आम्हाला झेपत नाही. शेवटी पूर्ण बंदिस्त दिवाच घेतला, ज्याच्या कागदांवर विद्युतचुंबकीय अडथळ्याची चाचणी लेखी आहे. माझं आताचं मत असं की जुन्या खोक्यात एलईडी बल्ब खुपसण्याचा मार्गच सोडावा. रंगीत काच तंतूच्या उजेडासाठी बनलेली असते, पांढऱ्या एलईडीने हिरवा-लाल रंग बदलतो, शिवाय रंगांच्या कडाही सरकतात. वर बसवण्याआधी दिवा खाली टेबलावर, हातातल्या रेडिओच्या अँटेनाला टेकवून तपासला. चूं नाही. मगच चढले. आणि काल रात्री ती पोच.

आता यादीकडे. या तीन आठवड्यांत डोक्यात एक विभागणी पक्की झाली: काही संकेत "आम्ही संकटात आहोत" हे कळवण्यासाठी असतात आणि काही "आम्ही इथे आहोत" हे दाखवण्यासाठी. माझी जुनी यादी दुसऱ्या कामाच्या वस्तूंनी भरली होती. रॉकेट कितीही उंच गेलं तरी त्या क्षणी तिकडे बघणारं कोणीतरी लागतं. कळवायचं काम रेडिओ आणि उपग्रह करतात.

आणि डोलकाठीच गेली तर? अँटेना, एआयएस, तिरंगी, सगळं एका फटक्यात पाण्यात. हे लिहिता लिहिताच सुचलंय: मागच्या कठड्यावर एक आपत्कालीन अँटेना कायमचाच बसवायचा. 2 मीटर उंचीवरूनसुद्धा मोठ्या जहाजाच्या उंच अँटेनाशी दहाएक मैल बोलता येतं. शिवाय असा दुसरा अँटेना असता तर माझा हा घोळ पाच मिनिटांत उकलला असता. केबल तिकडे जोडून बघितलं असतं आणि संपलं. तर यादीत पहिली भर ही.

दुसरा बदल ईपर्ब (उपग्रहाला संदेश पाठवणारा होडीचा संकट-बीकन). पीएलबी दोन घेणार होते, आता एक ईपर्ब आणि एकच पीएलबी, जो पाळीवर असेल त्याच्या अंगावर. दोन्ही 406 मेगाहर्ट्झवरच बोलतात, पण पीएलबी किमान 24 तास चालतो आणि बहुतेकांचा अँटेना आकाशाकडे राहील असा हातात धरावा लागतो. ईपर्ब पाण्यात आपोआप उभा तरंगतो आणि 48 तास चालतो. थंडीने बोटं वळलेला माणूस 24 तास हात वर धरू शकेल असं मला वाटत नाही. एआयएस असलेलाच घेणार आहे, म्हणजे जवळच्या जहाजांच्या पडद्यावर 974 ने सुरू होणारा क्रमांक थेट दिसेल. गॅलिलिओची (युरोपच्या उपग्रह-यंत्रणेची) परतीची पोच असलेला मिळाला तर उत्तम. ती पोच म्हणजे संदेश यंत्रणेपर्यंत पोहोचला एवढंच, मदत निघाली असं नव्हे. पण आता पोचेची किंमत मला वेगळी सांगायला नको. एकाने जुना 121.5 चा बीकन फुकट देऊ केला होता, नको म्हटलं. त्या लहरीवर उपग्रहांनी ऐकणं 1 फेब्रुवारी 2009 पासून थांबवलंय, ती आता फक्त जवळ आलेल्यांना दिशा शोधायला उरली आहे.

फ्लेअर की एलईडी, यावर इथे बरीच चर्चा झाली आहे. माझा हिशोब असा. सोलास (जहाज-सुरक्षेचा आंतरराष्ट्रीय करार) दर्जाचा हातातला फ्लेअर 15,000 कँडेला (उजेडाच्या तीव्रतेचं माप), 1 मिनिट. एलईडी संकेतदिव्याला अमेरिकी मानकात किमान 75 कँडेला लागतात, पण तो किमान 6 तास चालायला हवा. दोनशे पट फरक आहे, म्हणून एक दुसऱ्याची जागा घेतो हे मला पटत नाही. एलईडी रात्रभर खूण म्हणून जळत ठेवायचा, आणि इंजिनाचा आवाज ऐकू आला किंवा दिवे दिसले की लाल फ्लेअर. शिवाय समुद्री नियमांच्या चौथ्या परिशिष्टातल्या यादीत लाल फ्लेअर, पॅराशूट रॉकेट, नारिंगी धूर आहेत, एलईडी दिवा नाही. फ्लेअर सहावरून चारवर आणले, रॉकेट चारच ठेवले. 300 मीटरवर 40 सेकंद जळणारं दुसरं काही नाही. दोन-दोनच्या जोडीने उडवायचे: पहिल्याने नजर वळते, दुसऱ्याने दिशा पक्की होते.

एलईडी संकेतदिवाही एलईडीच, म्हणून त्याचीही परीक्षा घेतली. उघड्यावर लावणं म्हणजे खोटा संकट-संकेत, तेव्हा घरातल्या कपाटात, दारं लावून, रजईखाली. हातातला रेडिओ हातभर अंतरावर असताना बारीक खरखर, दोन मीटरवर काहीच नाही. म्हणून आणीबाणीच्या पिशवीत दिव्याला तीन मीटर दोरी बांधली आहे, रेडिओ दुसऱ्या कप्प्यात.

खरेदीबद्दल एक तक्रार. पहिल्या विक्रेत्याकडून आलेल्या रॉकेटवर उत्पादनाची तारीख 14 महिन्यांपूर्वीची होती. मुदत साधारण तीन वर्षांची, म्हणजे एक तृतीयांशाहून जास्त आयुष्य त्यांच्या फळीवरच संपलेलं. परत पाठवले. आता पैसे देण्याआधी उत्पादनाचा महिना लेखी मागते. दुसऱ्याने न मागता डब्याचा फोटो पाठवला, ऑर्डर त्याला दिली.

पुढच्या आठवड्यात कठड्यावरचा अँटेना. केबल मागच्या लॉकरमधून आत घ्यावी की डेकला नवं भोक पाडावं, यावर माझं आणि दादाचं जमत नाहीये. लॉकरमधून घेतली तर गॅसच्या नळीजवळून जाते. ज्यांनी बसवलाय त्यांनी केबल कुठून नेली आणि सांध्यात पाणी शिरू नये म्हणून काय केलं, ते फोटोसकट सांगा.