मावशींनी सकाळीच सांगितलं होतं

आषाढातली सकाळ, सव्वाआठ. मावशी पहिल्या एसटीनं मेढ्याला आल्या, भिजलेली छत्री दाराशी टेकवली आणि हात पुढे केला. लहानपणी सांधे धरणाऱ्या तापानं त्यांच्या हृदयाची मायट्रल झडप गेली होती. सहा वर्षांपूर्वी महात्मा फुले योजनेतून धातूची झडप बसली. तेव्हापासून रोज संध्याकाळी रक्त पातळ ठेवायची गोळी, असेनोकौमेरॉल, आणि महिन्यातून एकदा आमच्या लॅबमध्ये पीटी-आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ती तपासणी. आयएनआरचा आकडा जितका मोठा, तितकं रक्त पातळ.

सुई काढताना म्हणाल्या, "चार दिस पोट लय बिघडलं व्हतं पोरी. मेडिकलातनं गोळ्या आणल्या, आता बरं हाय." मी म्हटलं, "पाणी उकळून प्या मावशी," आणि कापूस दाबून धरायला सांगितला. कापूस नेहमीपेक्षा जास्त वेळ धरावा लागला. तेही मी पाहिलं होतं.

लोकांना वाटतं, रक्त मशिनमध्ये घातलं की आकडा येतो. निळ्या टोपीच्या ट्यूबमध्ये रक्त गोठू न देणारं 0.2 मिली सायट्रेट असतं, त्यावर बरोबर 1.8 मिली रक्त पडायला हवं. कमी पडलं तर आयएनआर खोटाच वाढून येतो. म्हणून ही ट्यूब मी शिकाऊ मुलांच्या हातात देत नाही. शीर एका टोचणीत मिळाली पाहिजे, रक्त रेघेपर्यंत भरलं पाहिजे, आणि मग ट्यूब हलक्या हातानं उलटसुलट करायची, घुसळायची नाही. रक्त गोठवणाऱ्या रसायनाची, थ्रॉम्बोप्लास्टिनची, नव्या लॉटची बाटली उघडली की तिच्यावरचा आयएसआय, म्हणजे ते किती संवेदनशील आहे तो आकडा, मशिनमध्ये नव्यानं भरायचा. जुनाच आकडा ठेवून रिपोर्ट देणारे मी पाहिलेत. त्या रिपोर्टवर डॉक्टर डोस बदलतात आणि कुणाच्या तरी झडपेवर रक्ताची गाठ बसू शकते. मला याचा मनापासून राग येतो.

निरोगी माणसाचा प्लाझ्मा, म्हणजे पेशी बाजूला काढलेला रक्ताचा द्रव, आमच्या मशिनवर 13 सेकंदांत गोठतो. मावशींचा 38च्या आसपास, म्हणजे आयएनआर 3. त्यांच्या झडपेला 2.5 ते 3.5 हवा. त्या दिवशी सेकंद 60च्या पुढे गेले, मग 80, मग 100. 108ला गोठलं. आयएनआर 8.7.

आधी स्वतःवरच संशय घेतला. ट्यूब रेघेपर्यंत भरलेली होती. काडी फिरवून गुठळी शोधली, नव्हती. दोन्ही कंट्रोल, म्हणजे उत्तर आधीच माहीत असलेले नमुने, लावले; बरोबर आले. पुन्हा चालवलं, 106.

तेव्हा कुठे सकाळचं वाक्य आठवलं. जुलाबासाठी मेडिकलात मिळणाऱ्या गोळ्यांत बहुतेकदा मेट्रोनिडॅझोल किंवा त्याच जातीचं औषध असतं. ते यकृतात असेनोकौमेरॉलचा निचरा अडवतं. डोस रोजचाच, पण औषध अंगात साचत जातं. वर चार दिवस पोटात धड अन्न नाही, म्हणजे रक्त गोठायला लागणारं, भाजीतून मिळणारं 'के' जीवनसत्त्वही नाही.

मावशी दहाच्या गाडीनं परत गेल्या होत्या. वाडीत रेंज नाही. फॉर्मवर नंबर होता तो वाशीच्या मार्केटात कामाला असलेल्या मुलाचा. त्यानं किराणा दुकानात फोन केला, दुकानदारानं पोरगा पाठवला. दरम्यान साताऱ्याच्या एमडी डॉक्टरांना मी तिसऱ्यांदा फोन लावला तेव्हा ते मिळाले. "संध्याकाळची गोळी अजिबात देऊ नका. लगेच पाठवा." दीडच्या सुमारास मावशींचा आवाज ऐकू आला. दात घासताना दोन दिवस रक्त येत होतं, मांडीवर काळंनिळं पडलं होतं. "म्या म्हटलं, कुठंतरी आपटलं आसंल."

दवाखान्यात गोळी बंद करून 'के' जीवनसत्त्वाचा अगदी लहान डोस तोंडानं दिला. मी विचारलं, मोठं इंजेक्शन का नाही? डॉक्टर म्हणाले, ते दिलं तर पुढे कित्येक दिवस रक्त पातळ होणार नाही, आणि धातूच्या झडपेवर गाठ धरली तर काय करायचं? दुसऱ्या दिवशी आयएनआर 4.1, तिसऱ्या दिवशी 2.9. मावशी घरी गेल्या.

आता निळी ट्यूब हातात घेण्याआधी मी विचारते: नवी गोळी काही घेतली का, अंगदुखीचीसुद्धा? ताप, जुलाब? गोळी चुकली का? हिरड्यांतून, लघवीतून रक्त, काळी शी? उत्तरं रिपोर्टच्या कोपऱ्यात लिहून देते. अर्धे पेशंट उलट सांगतात की मेथी-पालक सोडलाय, कुणीतरी सांगितलं म्हणून. सोडायची गरज नसते, दर आठवड्याला साधारण तेवढीच खायची. हे त्यांना ऑपरेशननंतर घरी पाठवताना नीट सांगायला हवं होतं. हातात जाडजूड फाइल देतात, पण दहा मिनिटं समोर बसून कुणी बोलत नाही.

त्याच आठवड्यात मी त्या मेडिकलात गेले. भांडायलाच गेले होते. शेड्यूल एचचं औषध चिठ्ठीशिवाय दिलंच कसं? दुकानदार खाली मान घालून म्हणाला, "ताई, त्यांनी फक्त पोटाचं सांगितलं. झडपेचं मला माहीत असतं तर दिली असती का?"

"विचारायचं तुम्ही," एवढे दोन शब्द माझ्या तोंडातून निघाले नाहीत. त्याला झडपेचं माहीत नव्हतं. मला सहा वर्षांपासून माहीत होतं, आणि पोटाचंही मावशींनी मलाच सांगितलं होतं, त्यांच्या हातात माझी सुई असताना.