पाचशे नव्वद मिळवा

आमच्या इतिहासाच्या सरांचं एक ठेवणीतलं वाक्य होतं. वर्गात गलका वाढला की ते डस्टर टेबलावर आपटायचे, खडूचा धुरळा उडायचा आणि मागोमाग यायचं, "ही काय मोगलाई लागून गेली का?" मग दोन मिनिटं वर्ग चिडीचूप. त्या दोन मिनिटांत वरच्या पत्र्यावर कावळा चालला तरी ऐकू यायचं.

१९९७ चा ऑगस्ट होता, मी नववीत. तास नागरिकशास्त्राचा. हा विषय आमच्याकडं इतिहासाच्या पुस्तकाला शेपटीसारखा चिकटलेला असायचा आणि त्याला तेवढीच किंमत असायची. पाऊस, गॅदरिंग, साहेबांची भेट, कशासाठीही एखादा तास कापायचा झाला तर तो ना. शा.चाच. त्यामुळं मागच्या बाकावरून एकानं "सर, मोगलाई म्हंजे काय हो?" असं विचारलं, ते काही ज्ञानाच्या तहानेनं नव्हे. मूलभूत हक्क पुढच्या आठवड्यावर ढकलले जावेत एवढीच त्याची माफक अपेक्षा होती.

सर टेबलाला टेकून उभे राहिले. म्हणाले, "परवा प्रभातफेरीत घसे बसवून घेतले ना सगळ्यांनी? स्वातंत्र्याची पन्नास वर्षं म्हणून? मग सांगा, पंधरा ऑगस्ट सत्तेचाळीसला आपल्या गावात झेंडा कुणाचा होता?"

"तिरंगा!" सगळा वर्ग एका सुरात.

"चूक. बसा खाली. म्हणजे बसलेलेच आहात, तसेच बसा."

मग त्यांनी फळ्यावर तीन प्रश्न लिहिले. तुमच्या आजोबांचा जन्म कधीचा? तेव्हा इथं राज्य कुणाचं होतं? आपलं गाव स्वतंत्र कधी झालं? "उद्या उत्तरं आणायची. गाईडात सापडणार नाहीत, घरात विचारा."

आमचं गाव तुळजापूर तालुक्यातलं, सोलापूर-हैदराबाद रस्त्याच्या जवळ. संध्याकाळी आबा ओसरीवर अडकित्त्यानं सुपारी कातरत बसले होते. मी वही घेऊन समोर बसले. पहिलाच प्रश्न विचारला, तर ते उठून पत्र्याच्या शेडात गेले. आमची लोखंडी ट्रंक ९३ च्या भूकंपापासून तिथंच होती. किल्लारीनंतर माळवदाखाली झोपायचं धाडस कुणाला होत नव्हतं. माणसं हळूहळू आत गेली, ट्रंक मात्र बाहेरच राहिली. तिच्यातून आबांनी शाळेचा दाखला काढला. कागद चहात बुडवून वाळवल्यासारखा, घडीवर फाटलेला, आणि त्यावर सगळी अक्षरं उजवीकडून डावीकडं जाणारी. आबांचं शिक्षण गावात मराठीत सुरू झालं आणि पुढं उर्दूत संपलं. एरवी ते ज्ञानेश्वरीचं पारायण करायचे, पण आकडेमोड पुटपुटायचे ती उर्दूत. मला ती त्यांची एक लकब वाटायची, डोळे मिचकावण्यासारखी.

त्यांनी चष्मा वर केला, कागद नाकाजवळ धरला आणि वाचलं, "आझूर, तेराशे एक्केचाळीस."

मी लिहून घेतलं. जन्म १३४१. आता चौदा वर्षांच्या मुलीला हा आकडा पाहून काहीतरी खटकायला हवं होतं. नाही खटकलं. मोठी माणसं जुनी असतात, आबा फारच जुने होते, एवढाच माझा हिशेब.

राज्याचा प्रश्न विचारल्यावर मात्र आजी स्वयंपाकघरातून बाहेर आली. तिचं माहेर सोलापूर जिल्ह्यातलं, गावापासून वीस-बावीस मैल. पण तिच्या लेखी ते वीस मैल म्हणजे सातासमुद्रांचं अंतर. "मी विंग्रजीतली," ती म्हणाली, "हे मोगलाईतले, निजामाच्या राज्यातले. आमच्याकडं कलदार रुपया चालायचा. यांच्याकडं हाली. सात हाली टाका, तवा सहा कलदार मिळायचे." आबांना लग्नात सासऱ्यानं काय दिलं यापेक्षा कुठल्या नाण्यात दिलं याचा तिला जास्त अभिमान होता. लग्न झालं १९५२ ला, निजामाचं राज्य जाऊन चार वर्षं झाल्यावर. पण माहेरचा रुपया तिनं काही खाली येऊ दिला नाही.

"आणि नाकं होतं," आबा म्हणाले. "करोडगिरीचं. इकडून तिकडं माल न्यायचा तर जकात. सोलापूरहून कापड आणायचं म्हणजे परदेशातून आणल्यावाणी." मग त्यांनी आजीकडं बघून सुपारीचं खांड तोंडात टाकलं. "बायकू तेवढी बिनजकातीची आली." आजी आत निघून गेली. तिला हसू आलेलं दाखवायचं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तिसरा तास. सर एकेकाला उठवून उत्तरं विचारत होते. बऱ्याच जणांनी "माहीत न्हाई म्हणाले" असं लिहून आणलं होतं. काहींनी सरळ शेजाऱ्याचं उतरवलं होतं, म्हणजे दोघांचे आजोबा एकाच दिवशी जन्मले. माझा नंबर आला. मी खणखणीत आवाजात वाचलं, "माझ्या आजोबांचा जन्म तेराशे एक्केचाळीस साली झाला."

क्षणभर शांतता. मग जो हशा उठला तो शेजारच्या आठवीच्या वर्गात पोचला. मुहम्मद तुघलकानं १३२७ ला राजधानी दिल्लीहून देवगिरीला आणली आणि तिचं नाव दौलताबाद ठेवलं, हे आम्हाला तोंडपाठ होतं. मराठवाड्याचा पोरगा दुसरं काही विसरेल, पण तुघलक विसरणार नाही. अख्ख्या दिल्लीला चालत आमच्या दारात आणणारा राजा आमच्या वाट्याला आलेला. तर मागून लगेच आवाज आला, "हिचे आबा तुघलकाबरुबर आले!" दुसरा म्हणाला, "आले, आन त्यो परत गेला तरी हे हितंच ऱ्हायले." माझे कान तापले. त्यानंतर वर्षभर मला शाळेत 'तुघलक' म्हणत. त्यातल्या एकाला मी अजून माफ केलेलं नाही, तो आता तालुक्याला वकील आहे.

सर हसले नाहीत. त्यांनी विचारलं, "महिना कुठला?"

"आझूर."

ते फळ्याकडं वळले. १३४१ लिहिलं, खाली ५९० लिहिलं, मधे अधिकचं चिन्ह, आणि खाली रेघ. उत्तर आलं १९३१.

"फसली साल आहे हे," ते म्हणाले. "फसल म्हणजे पीक. सारा पीक निघाल्यावर भरायचा, म्हणून सरकारचं वर्षही पिकाबरोबर चालायचं. निजामाच्या राज्यात ते आझूर महिन्यात सुरू व्हायचं, म्हणजे आपल्या ऑक्टोबरच्या सुमाराला. ऑक्टोबर ते डिसेंबरातली तारीख असेल तर पाचशे नव्वद मिळवा, जानेवारीपासून पुढची असेल तर पाचशे एक्क्याण्णव. हिच्या आजोबांना अजून सहासष्टही पूर्ण नाहीत. बसा."

मी बसले. इतिहासाच्या तासाला बेरीज करून एखाद्या माणसाची अब्रू वाचवता येते, हे मला त्या दिवशी कळलं.

मग सरांना सूर लागला. आसफजाही निशाण, निजामाचं स्वतःचं टपाल तिकीट, स्वतःची रेल्वे, १९१८ ला उर्दू माध्यमातून सुरू झालेलं उस्मानिया विद्यापीठ. जिल्ह्याच्या कलेक्टरला म्हणायचे अव्वल तालुकदार. संस्थानात सोळा जिल्हे: तेलंगणाचे आठ, मराठवाड्याचे पाच, कर्नाटकाचे तीन. "आणि आपल्या जिल्ह्याचं नाव कुणावरून?" त्या वेळी उस्मानाबाद होतं ते, आता धाराशिव. रोज दाखल्यावर, पत्त्यावर, एसटीच्या पाटीवर वाचलेलं ते नाव शेवटचे निजाम मीर उस्मान अली खान यांच्यावरून आलंय, हे आम्हाला त्या मिनिटापर्यंत कुणालाच सुचलं नव्हतं. इतकी डोळ्यासमोरची गोष्ट! पुस्तकात आमचं हे सगळं 'काश्मीर, जुनागड, हैदराबाद' अशा एका दमात उरकलेलं असायचं, आणि आम्हीही ते त्याच दमात पाठ करायचो. ते हैदराबाद म्हणजे आम्ही, हे लक्षातच यायचं नाही. हैदराबाद म्हणजे चारमिनार, असंच आम्हाला वाटायचं.

सरांनी मला पुन्हा उठवलं. घरात कोण कोण, कुणाचा जन्म कधीचा? मी सांगत गेले, ते फळ्यावर मांडत गेले. आबा १९३१, निजामाचं हैदराबाद. अण्णा, म्हणजे माझे वडील, १९५५: तेही हैदराबाद राज्य, पण आता भारतातलं. आत्या १९५८: १९५६ च्या १ नोव्हेंबरला हैदराबादचे तुकडे होऊन मराठवाडा मुंबई राज्यात गेला, ज्यात गुजरातही होता, म्हणजे आत्या द्विभाषिक मुंबईची. काका १९६१: १ मे १९६० ला महाराष्ट्र झालेला, म्हणून काका महाराष्ट्राचे. एकाच खोलीत, त्याच माळवदाखाली, बहुधा एकाच सुईणीच्या हातून झालेली ही बाळंतपणं. घर इंचभर हललं नव्हतं. घराखालून राज्यंच सरकत गेली होती.

त्या रात्री जेवताना मी हे घरी सांगितलं, तेव्हा आत्या माहेरी आलेली होती. मुंबई कधी डोळ्यांनी न पाहिलेली आत्या पुढं कितीतरी वर्षं कुणी जास्त बोललं की म्हणायची, "आम्ही मुंबईवाले हाव, जपून."

पण वर्गातला खरा पेच तिसऱ्या प्रश्नावर होता. गाव स्वतंत्र कधी झालं? मी वाचलं, "तेरा सप्टेंबर." सरांनी भुवया उंचावल्या. मुक्तिसंग्रामाचा दिवस १७ सप्टेंबर, हे मराठवाड्यातलं शेंबडं पोरही सांगतं. त्या दिवशी शाळेत दुसऱ्यांदा झेंडा चढतो आणि दुसऱ्यांदा गोळी-बिस्कीट मिळतं. पंधरा ऑगस्टनंतर तेरा महिने आणि दोन दिवसांनी. मला वाटलं, आता परत तुघलक.

मी कशीबशी आबांची गोष्ट सांगितली. १३ सप्टेंबर १९४८ ला पहाटे फौज सोलापूरकडून आली, ती याच रस्त्यानं. आबा तेव्हा सतरा वर्षांचे होत होते. रझाकारांच्या, म्हणजे निजामाच्या बाजूच्या हत्यारबंद टोळ्यांच्या भीतीनं आधीचे कितीतरी महिने गावातली माणसं रात्री घरात झोपत नव्हती. बायका-पोरं हद्दीपलीकडं सोलापूरच्या बाजूला पाठवलेली. त्या सकाळी ज्वारीच्या फडात लपलेल्या आबांनी आधी जमीन हादरलेली ऐकली, मग रस्त्यावरून जाणारे रणगाडे पाहिले. नळदुर्ग पहिल्याच दिवशी पडलं. "हैदराबादला निजाम सतराला शरण आला आसंल," आबा म्हणाले होते, "आमी तेराच्या राती घरात झोपलो."

सर थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "परीक्षेत सतरा लिही. पण आबांचं बरोबर आहे."

शिक्षकाच्या तोंडून असं वाक्य मी त्याआधी ऐकलं नव्हतं. परीक्षेतलं बरोबर आणि खरं बरोबर, अशी दोन खाती असू शकतात, हे एका शिक्षकानं फळ्यासमोर उभं राहून कबूल केलं होतं.

माझ्या बाकावरच्या मैत्रिणीची वही कोरी होती. नाही, एक ओळ होती. तिनं दादीला विचारलं होतं आणि दादी म्हणाली होती, "वो बातां नको निकाल. तू पढ." मैत्रिणीनं तेवढंच प्रामाणिकपणे लिहून आणलं होतं. सरांनी वही पाहिली, बंद करून तिच्या हातात दिली आणि म्हणाले, "तुझ्या दादीनं दिलं ते उत्तरच आहे. घरी जाऊन पुन्हा विचारू नकोस." तेव्हा मला वाटलं, हिला सूट मिळाली. पुढं मोठेपणी मी पंडित सुंदरलाल यांच्या समितीबद्दल वाचलं. पोलीस ॲक्शननंतर, म्हणजे त्या सप्टेंबरातल्या लष्करी कारवाईनंतर, मुसलमान वस्त्यांवर जे गुदरलं ते पाहायला नेहरूंच्या सरकारनं ही समिती पाठवली होती आणि तिचा अहवाल वर्षानुवर्षं दाबून ठेवला गेला होता. सर्वांत जास्त होरपळलेल्या चार जिल्ह्यांत आमचा जिल्हा होता. आबा फडातून घरी आले त्या आठवड्यात दादी कुठं लपली होती, हे मी मैत्रिणीला आजवर विचारलेलं नाही. सरांनी सांगितलं होतं ना, विचारू नका.

घंटा झाली. मूलभूत हक्क राहिलेच. ते आम्ही सहामाहीच्या आदल्या दिवशी गाईडातून पाठ केले आणि पेपरात १७ सप्टेंबर लिहिलं.

सर आता नाहीत. आबाही गेले, फसली हिशेबानं चौदाशे अठ्ठावीस साली. असं सांगितलं की घरात सगळे माझ्याकडं विचित्र नजरेनं बघतात. ट्रंक मात्र आहे. गेल्या दोन-तीन वर्षांत मराठवाड्यात घराघरातून निजामकाळातले कागद निघू लागले. जातीच्या नोंदींसाठी उर्दू आणि मोडी वाचणाऱ्यांना एकाएकी लग्नातल्या आचाऱ्याइतका मान आला. आमच्याकडंही ट्रंक उघडली गेली. एका रात्री भाच्याचा फोन आला. तो पुण्यात नोकरी करतो, सुट्टीला गावी गेला होता आणि एका मौलवींकडून कागद वाचून घेऊन आला होता.

"आत्या, एक लोच्या झालाय. आबांच्या दाखल्यावर जन्मसाल चुकलंय. सरळ तेराशे एक्केचाळीस लिहिलंय. हे दुरुस्त करायला ॲफिडेव्हिट लागेल का?"

मागून माझा भाऊ खदाखदा हसत होता. त्याला सगळं ठाऊक होतं, मुद्दामच सांगितलं नव्हतं त्यानं.

"महिना कुठला लिहिलाय?" मी विचारलं.

"थांब हं. आ... आझूर. हे काय असतं?"

"पेन आहे का जवळ?" मी म्हणाले. "घे लिहून. पाचशे नव्वद मिळव."